टपरीवर टांगलेलं लोखंड

कापणीचं मशीन दिसायच्या आधी ऐकू येतं. रोह्याकडच्या आंबेशेत गावात कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होतं, एप्रिलात ते पिवळं पडतं, आणि मग मशीनं येतात. कोणतं मशीन कुणाचं, हे तिथली माणसं ओटीवर बसल्या बसल्या सांगतात. सुशीलचं मशीन दोन शेतं पलीकडून करकरत यायचं, कोरड्या रहाटासारखं. नाथाचं मशीन बांधाला लागलं तरी इंजिनाचा घुमारा तेवढा यायचा; बाकी बांधावर झोपलेलं कुत्रंही कान हलवत नसे. ती करकर मारायला नाथाने आयुष्याची तीन वर्षं घातली. कशासाठी घातली, ते सुशीलच्या चहाच्या टपरीवर तारेला टांगलेलं होतं.

नाथा पेणच्या खाडीकडचा. त्याचा बाप बाबाजी मिठागरात राबला आणि शिवाय गावच्या बांधाची उघाडीही त्यानेच सांभाळली. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातला पाणदरवाजा. भरतीला बंद, ओहोटीला उघडा. तिच्या फळ्या बाबाजी स्वतः तासायचा आणि बसवताना एका बाजूला बोटभर फट ठेवायचा. लहानपणी नाथाने विचारलं होतं, फट कशाला. बाप म्हणाला, "फळी भिजली की फुगते. तिला अंग टाकायला जागा नाय दिली, तर ती चौकट फोडते. लाकूड असो नाय तर माणूस." बाबाजी बोलायचा थोडं, पण बोललं ते विसरता येत नसे.

पुढे नाथाने डोलवीच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे शिफ्टा केल्या. मैलभर लांबीचे पट्टे माल वाहून नेत, त्यांची साफसफाई याच्याकडे. त्या गोंगाटात त्याचा कान तयार झाला. कुठला रूळ अडकला, कुठला सुकला, हे तो आवाजावरून सांगायचा. काम सुटलं तेव्हा आंबेशेतच्या सुशीलने नवं हार्वेस्टर आणलं होतं, रबरी ट्रॅकचं. त्याला ड्रायव्हर हवा होता. नाथा गेला.

पहिला हंगाम खाडीपट्ट्यातला, दिवाळीनंतरचा. शेतात घोट्याएवढा चिखल. मशीन लोण्यातून गेल्यासारखं चाललं. एप्रिलात सुशीलने तेच मशीन आंबेशेतात उतरवलं आणि दुसऱ्या दिवशीच नाथाच्या कानाला काहीतरी टोचलं.

ट्रॅकच्या आत, खालच्या अंगाला, लोखंडाची एक लांब पट्टी असते. गॅरेजवाले तिला गाईड म्हणतात. रबरी ट्रॅक तिच्यावरून सरकत फिरतो. चिखल असला की चिखलच तेलाचं काम करतो. पण इथे पाणी तोडून पंधरा दिवस झालेले, जमीन भेगाळलेली, आणि आत जाणारी धूळ काचपेपरसारखी. लोखंड रडायला लागलं. नाथाने मशीन बंद केलं आणि खाली उतरला.

"सुशीलशेठ, गाईड खाल्ली जातेय. सकाळ-दुपार पाणी मारू दे, मधे मधे गार होऊ दे. नाय तर आठवड्यात ट्रॅक उतरंल."

सुशील बांधावर उभा होता, गावातली चार माणसं बरोबर. तो हसला. "मशीन नवीन हाय, नाथ्या. रडतोयस तू. मिठागरात फावडी ओढणाऱ्याला मशीन काय कळतंय? चल, बस वर."

नाथा बसला. आठवडा नाही, पाचच दिवस गेले. गाईड घासून विळ्याच्या पात्यासारखी झाली, ट्रॅक उतरला, फाटला, आणि पिकल्या भातात मशीन आडवं बसलं. त्या संध्याकाळी टपरीसमोर गाव जमलं. सुशीलने सगळ्यांदेखत सांगितलं, ड्रायव्हरने ग्रीस मारलं नाही, झोपा काढल्या. नाथा परक्या गावचा. त्याच्या बाजूने एकच तोंड उघडलं, ते बायजाकाकीचं. ती सुशीलची चुलती, नवरा गेलेला, दीड एकर स्वतः कसणारी. बांधावरच्या माणसांना प्यायला पाणी द्यायला ती आली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. "पोरगा सांगत व्हता की," ती म्हणाली. "म्या ऐकलाय." सुशील म्हणाला, "काकी, तू घरी जा." आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी ती झिजलेली गाईड टपरीच्या खांबाला तारेने टांगलेली होती. तिच्यावर ऑईलपेंटने लिहिलेलं: नाथाची करामत. चहा पिणारा प्रत्येक जण चमच्याने तिच्यावर टण्णकन वाजवायचा आणि हसायचा. नाथा एसटीची वाट बघत समोर उभा होता तेव्हा तीनदा वाजली. त्याने मोजलं होतं.

घरी आल्यावर बायकोने, मैनाने, विचारलं, "अवो, काय झालं?"

"काय नाय. एक लोखंड खाली उतरवायचं हाय," तो म्हणाला. "त्याच्याच हातानं."

ते लोखंड तो चोरून आणू शकला असता. कुणी अडवलं नसतं. पण चोरलेला मान अंगाला लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

कोलाडला एका गॅरेजमागे तसंच एक हार्वेस्टर रानवेलींखाली मरून पडलं होतं. नाथा आणि मैनाचा भाऊ रघू यांनी ते टेम्पोवर घालून खाडीकाठी आणलं. अंगणात ते उभं राहिलं आणि नाथाचं खरं काम सुरू झालं. इंजिन रघूने उठवलं. ट्रॅक नाथाने स्वतःकडे ठेवला.

डोलवीच्या पट्ट्यांखाली एक पांढरं प्लास्टिक असायचं, साबणासारखं गुळगुळीत, मालाखाली वर्षानुवर्षं न झिजणारं. त्याचे तुकडे त्याने भंगारवाल्याकडून शोधून आणले, तासले, आणि गाईडच्या लोखंडावर चढवले. ट्रॅक आता लोखंडावर नाही, त्या पांढऱ्या पट्टीवर सरकायचा. करकर अर्धी झाली. उरलेली अर्धी हादऱ्याची होती. लोखंडाला लोखंड भिडायचं तिथे रबर हवं होतं. ते पेणजवळच्या जोह्यातून, मूर्तिकारांच्या गावातून, मिळालं. तिथल्या कारखान्यांत गणपतीचे रबरी साचे फाटले की मागच्या अंगणात टाकून देतात. नाथाने पोतंभर आणले आणि चकत्या कापल्या. एका चकतीवर गणपतीचा अख्खा कान उमटलेला निघाला.

"देवाचा कान ट्रॅकखाली घालताय?" मैना म्हणाली. "हात झडतील."

"मग कुठं घालू?"

"वर घाला. तुमच्या बसायच्या जागेखाली. तुम्हाला नाय ऐकू आलं तर त्याला येईल."

ती चकती सीटखाली गेली. आजही तिथेच आहे.

मग मे महिन्यात त्याने मशीन कोरड्या मैदानात फिरवलं. सकाळभर ते मांजरासारखं चाललं. दुपारी बारा वाजता पट्टी मधोमध फुगून वर आली, मांजराने पाठ वाकवावी तशी. ट्रॅकचे दात तिच्यात अडकले आणि पट्टी मुळासकट उपटली गेली. त्याने दुसरी बसवली, दुप्पट बोल्ट मारून दोन्ही टोकं आवळली. ती अकरालाच गेली. तिसरी गेली तेव्हा तो बांधावर जाऊन बसला. भरती लागली होती. पाणी उघाडीच्या फळ्यांवर थापा मारत होतं, फळ्या फुगून फट भरून काढत होत्या, आणि चौकट शांत होती. नाथा बराच वेळ बघत राहिला. बाप जाऊन अकरा वर्षं झाली होती.

त्याने चौथी पट्टी पुढच्या टोकाला घट्ट आवळली. मागच्या टोकाला गोल भोक न पाडता लांबट खाच पाडली आणि बोल्ट नुसता टेकवून ठेवला. पट्टी तापली, वाढली, खाचेतून मागे सरकली, आणि संध्याकाळी पुन्हा पुढे आली. भरती-ओहोटीसारखी. वर एक पाण्याचा डबा बांधला, दवाखान्यातली सलाईनची नळी लावली, म्हणजे कोरड्या जमिनीत पट्टीवर थेंब थेंब पाणी पडत राहील. पाणी गोडंच भरायचा. खाऱ्याने लोखंड सडतं, हे मिठागरवाल्याला सांगावं लागत नाही.

तिसऱ्या एप्रिलात तो आंबेशेतात उतरला. कुणी बोलावलं नव्हतं. गावच्या टोकाला एकाचं शेत त्याने कापून दिलं, आणि बघायला आलेल्यांनी खाली पडलेलं भात बघितलं. पडलेलंच नव्हतं. मशीन हादरत नाही, तर लोंब्या झडतील कशा? दुसऱ्या दिवशी तिघांनी बोलावलं, चौथ्या दिवशी अर्ध्या गावाने. सुशीलचं मशीन टपरीमागे उभं राहिलं. जाता-येता नाथा टपरीकडे बघायचा. लोखंड होतं तिथेच होतं. अक्षरं थोडी उडाली होती, पण वाचता यायची.

एका दुपारी करंजाखाली भाकरी खाताना त्याला दिसलं, सुशील त्याच्या मशीनशी उकिडवा बसलाय आणि मोबाईलने फोटो काढतोय. पुढचे बोल्ट, मागचा बोल्ट, डबा, नळी. रघू उठायला लागला. नाथाने त्याचा हात धरला.

"बस. काढू दे."

"अरे, सगळं नेतोय तो."

"बोल्ट नेतोय," नाथा म्हणाला आणि कांदा फोडला. "फोटोत बोल्ट दिसतो. बोल्टाखालची खाच नाय दिसत."

चार दिवसांनी सुशीलचं मशीन पांढऱ्या पट्ट्या लावून बाहेर पडलं. सकाळी आठची वेळ, हवेत गारवा. ते खरंच गप्प चाललं होतं. सुशील स्वतः चालवत होता. टपरीवरून जाताना त्याने हॉर्न दिला. आणि ते मशीन जाऊन उतरलं बायजाकाकीच्या शेतात. पुतण्याला ती नाही कशी म्हणणार?

नाथा शेजारच्या शेतात होता. त्याने इंजिन बंद केलं आणि कान दिला. मागचं टोक आवळलेलं आहे, हे त्याला आवाजावरून कळलं. ट्रॅक दर फेऱ्याला हलकासा खाकरत होता. हाक मारायला वीस पावलं होती. मागचा बोल्ट काढायला एक पाना, पाच मिनिटं. बायजाकाकी बांधावरून त्याच्याकडे बघून हसली, हात वर केला. सह्याद्रीकडे ढग जमायला लागले होते, अवकाळी. नाथाने तिला हात केला आणि मशीन सुरू केलं.

त्याला टपरीवर तीनदा वाजलेलं ते टण्णकन आठवत होतं.

अकरा वाजले. उन्हाने डोळे दिपायला लागले. साडेअकराला काठी मोडावी तसा आवाज आला, मग घरघर, मग काहीच नाही. सुशीलचं मशीन बायजाकाकीच्या दीड एकराच्या मधोमध आडवं बसलं. पांढरी पट्टी बाहेर आलेली, ट्रॅक उतरून लोळत पडलेला. डोंगरामागे गडगडलं. बांधावर माणसं जमली. तीच माणसं.

सुशील चालत आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

"नाथाभाऊ."

नाथाने तीन वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं नाव त्या तोंडून पुरतं ऐकलं. "बोला."

"पट्टी उचकटली रे. बघतोस जरा? पाऊस आला तर काकीचं भात जाईल."

"काकीचं मी कापतो. तुमच्या मशीनचं नंतर बघू. मिठागरवाल्याला काय कळतंय त्यातलं?"

बांधावरचं कुणीतरी खाकरलं. सुशीलने बाहीने घाम पुसला. "काय पायजे तुला?"

"टपरीवर माझं एक लोखंड हाय. ते आणा."

"पोराला पाठवतो."

"तुम्ही आणा. खांद्यावर. नाक्यावरून."

"नाथा, माणसं बघतायत."

"तेव्हा बी बघत व्हती."

ढग डोक्यावर येत होते. नाथाने मशीन बायजाकाकीच्या शेतात घातलं आणि मागे वळून पाहिलं नाही. तिसऱ्या फेरीला त्याला दिसलं: कालव्याच्या रस्त्याने सुशील येत होता, खांद्यावर ती गाईड, तार मागे लोंबकळत. कुणी हसलं नाही. त्यामुळे तर रस्ता त्याला लांब झाला असेल. लोखंड त्याने नाथाच्या मशीनपुढे ठेवलं. नाथा खाली उतरला, ते उचललं, उलटं करून बघितलं, आणि चमच्याने नाही, पान्याने एकदाच वाजवलं.

शेवटची ओळ कापून झाली तेव्हा पहिले थेंब आले. भात वाचलं. मग नाथा सुशीलच्या मशीनखाली गेला, मागच्या टोकाला खाच पाडून नवी पट्टी बसवून दिली. कसं करायचं ते सांगितलं नाही. बघायचं त्याने बघावं.

बायजाकाकीने पाण्याचा तांब्या आणला. नाथा पीत असताना ती हळूच म्हणाली, "तुला सकाळीच कळलं व्हतं न?"

नाथाने तांब्या तोंडापासून खाली घेतला. "व्हय, काकी."

"म्हणून हात केलास, अन् बोलला नाहीस."

तिने तांब्या त्याच्या हातून घेतला, उरलेलं पाणी बांधावर ओतलं आणि घराकडे गेली. मागच्या वेळीही ती अशीच गेली होती. फरक इतकाच की तेव्हा तिला जा म्हणणारा दुसरा होता.

ते लोखंड नाथाने खाडीकाठी घरी आणलं आणि ओटीच्या पायरीशी धार वर करून जमिनीत पुरलं. खाडीकडच्या घरांत पायाचा चिखल खरवडायला दाराशी असं काही लागतंच. 'नाथाची करामत' ही अक्षरं मातीखाली गेली. रोज संध्याकाळी तो घरी येतो, उंबऱ्याआधी थांबतो आणि तळवे त्या पात्यावर घासतो. आधी उजवा, मग डावा. सावकाश.

परवा मैना दारात येऊन उभी राहिली. "किती घासाल? मे महिना हाय. पायाला चिखल तरी हाय का?"

"असंल थोडा," नाथा म्हणाला, आणि घासत राहिला.