उकळलेलं पाणी

सोलापूरच्या सात रस्ता चौकात चहा घेतला आणि स्टँडवर येऊन नातेपुत्याची एसटी पकडली. मामेबहीण कुसुमअक्काच्या नव्या नातीला बघायला निघाले होते. माळशिरस मागे पडलं तसा दोन्ही अंगांना ऊस लागला.

वस्तीवर अक्काने कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवली. शेजारी तिची सून सारिका दीड महिन्याच्या बाळाला बाटलीने पावडरचं दूध पाजत होती. बाळाचे ओठ निळसर दिसले.

"गारठ्यानं आसंल," अक्का म्हणाली. बाहेर तर उन्हाचा चटका होता.

ताट तसंच ठेवून आम्ही नातेपुत्याचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी आधी विचारलं, "दूध कुठल्या पाण्यात कालवता?"

"हिरीच्या (विहिरीच्या). पन लई येळ उकळून," सारिका म्हणाली.

उकळल्याने जंतू मरतात. खतातून पाण्यात उतरलेलं नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं, आणि तान्ह्या बाळाच्या रक्ताला ते प्राणवायू वाहू देत नाही. मला हे ठाऊक होतं. ऑक्सिजन लावलेल्या बाळाशेजारी तिला ते सांगणं जिवावर आलं.

दोन दिवसांनी बाळ घरी आलं. पाणी तपासायच्या पट्ट्या डॉक्टरांनी दिल्या होत्या. दाजींची, म्हणजे अक्काच्या यजमानांची, विहीर माळावर, उसाच्या मधोमध. तिथे वीतभर माती, खाली मुरूम. पाटाचं पाणी पिकाला न लागलेला युरिया घेऊन सरळ खाली जातं. पट्टी गडद गुलाबी झाली, म्हणजे नायट्रेट भरपूर.

ओढ्यापलीकडे शेजारच्या अनुसयाबाईंचं काळं रान. ज्वारी आणि लसूणघास (जनावरांचा चारा). भारी मातीतून पाणी सावकाश झिरपतं, घासाची खोल मुळं वाटेतच नायट्रेट शोषून घेतात. तिथल्या विहिरीत पट्टी जवळजवळ पांढरीच राहिली.

दाजी घागर घेऊन गेले. "पानी पायजे हुतं. नातीसाटी."

"न्या की, इचारताय कशाला?" अनुसयाबाई म्हणाल्या. "पर माज्या बांधाला लागून तुमी रान घेतलंय म्हनं, उसाला?"

दाजींनी घागर खाली ठेवली. "लावायला उसाचं बेनं आनून पडलंय," ते म्हणाले. मग, "हितं न्हाय लावत."

निघताना सारिकाने हळूच विचारलं, "मावशी, डाक्टर म्हनले उकळून ते वाडतं. मीच वाडवलं व्हय?"

"तू जपायलाच गेलीस गं," एवढंच मी म्हणाले.

परतीच्या गाडीत डोळा लागला नाही. 'शास्त्रीय कारणे लिहा' या प्रश्नाखाली मी शाळेत वर्षानुवर्षं मुलींकडून हेच उत्तर घोटून घेतलं होतं. तुमच्या घरी पाणी कुठल्या विहिरीचं येतं, हे एकीलाही विचारलं नव्हतं.