रूथताईंचं शिबिर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी पॅकिंगवर देखरेख करतो. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येईना, म्हणून फोन घेऊन बाहेर आलो. रूथताईंची धाकटी बहीण बोलत होती. "ताई गेली रे, प्रभूमध्ये निजली…" डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं, शनिवारी ताईंच्या वर्गाला नवी मुलं येणार, त्यांच्यापुढे आता उभं कोण राहणार? महिना होत आला, तो प्रश्न अजून छातीवरून उतरलेला नाही.

ताई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. शुक्रवार पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुणांसाठी नेतृत्वाचं प्रशिक्षण सुरू केलं, तेव्हा आम्ही सगळे एका सतरंजीवर मावायचो. बायबलमधलं वचन वाचायचं, त्यावर बोलायचं आणि मग एकेक जबाबदारी अंगावर घ्यायची… कुणी आजाऱ्याकडे जायचं, कुणी अबोला धरलेल्या दोघांना समोरासमोर बसवायचं. मी मुखदुर्बळ. उपासनेनंतर त्यांनी मला सगळ्यांपुढे उभं केलं, तेव्हा माझे पाय लटपटत होते. शेजारी उभ्या ताई पुटपुटल्या, "माझेही लटपटतायत. तू बोल."

त्या खरंच घाबरट होत्या. पुढे तेलुगू बोलणाऱ्या घरांतली, अक्कलकोटकडची कानडी बोलणारी मुलंही येऊ लागली, तशी त्यांची काळजी वाढतच गेली. मंगळवेढ्याला पहिलं मुक्कामी शिबिर ठरलं, तेव्हा आदल्या दिवशी त्यांना घास गिळवेना. आणि नेमकं तिथंच विपरीत घडलं. जवळच्या गावातली एस्तेर प्रार्थना चालवत असताना तिचे वडील, याकोबभाऊ, एसटीतून उतरून तडक आत आले. "पोरीला फुडारी करून काय करायचंय आमाला? उद्या गावात कुणी काय बोललं तर तुमी येणार हाय का तितं?" एस्तेर मान खाली घालून त्यांच्यामागे निघून गेली. बघता बघता आणखी घरांनी मुलं परत नेली. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, आता मुक्कामी शिबिरं बंद.

ताई मला घेऊन याकोबभाऊंच्या घरी गेल्या. वाटेत एसटीत त्या सारखी पदराची गाठ मारत होत्या, सोडत होत्या. ओसरीवर बसल्यावर म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही घाबरता ते बरोबरच आहे. मीही घाबरते. काही होणार नाही, असा शब्द मी देऊ शकत नाही. तुम्हीच शिबिरात येऊन राहा की."

"मी? मला काय येतंय?"

"लेकरांवर लक्ष ठेवता येतं ना?"

वर्षभरानं, वडीलधाऱ्यांना कसंबसं राजी करून शिबिर भरलं, तेव्हा याकोबभाऊ एस्तेरला घेऊन आले. पहिला दिवस कपाळाला आठ्या घालून कांदे चिरत बसले. शेवटच्या दिवशी मुलांच्या दोन गटांत चांगलीच जुंपली. एस्तेर मध्ये बसली, दोघांचं ऐकून घेतलं आणि भांडण मिटवलं. याकोबभाऊ दारात उभे होते. "घरी एवढं बोलत न्हाय की ही…" त्यांचा आवाज बदलला होता. तेव्हापासून प्रत्येक शिबिरात कुणाचे तरी आईवडील मुक्कामाला असतात. त्यांच्या भरवशावरच गावोगावची मुलं येऊ लागली.

ताईंनंतरचा पहिला वर्ग एस्तेरनं घेतला. ती आता शिक्षिका आहे. मी मागे उभा होतो. वर्ग नीट पार पडला. पण खरी धाकधूक मुलं पांगल्यावर सुरू झाली. मुलांनी घरी पोहोचल्यावर ताईंना फोन करायचा, ही त्यांची शिस्त. शेवटचा फोन येईपर्यंत त्या जेवायच्या नाहीत. त्या संध्याकाळी मुलं मला फोन करू लागली. "दादा, पोहोचलो." "दादा, पोचले." मंगळवेढ्याच्या एका मुलीचा तेवढा येईना. बायकोनं ताट वाढलं होतं, मी खिडकीपाशीच उभा. अखेर फोन वाजला.

"दादा, एसटी पंक्चर झालती. पोचले मी. तुमी जेवला का?"

"आता बसतो," मी म्हणालो.