चुनामामांनी झाकलेली ओल

चुनामामांना गल्लीत खऱ्या नावानं कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. भुवयांपासून चपलेपर्यंत माणूस कायम ठिपक्याठिपक्यांचा. लोकांची घरं रंगवायची आणि उरलेला रंग अंगावर घेऊन घरी यायचं. मोरीत हातपाय धुवायला बसले, की मामी खाटेवरून विचारायची, "आज कुणाचं घर वाहून चाललंय?"

"डॉक्टरांचा दिवाणखाना," मामा सांगायचे. "बघ, कसा मोतिया आहे."

गड्याला एक खोड होती. घर रंगवायचं म्हणजे आधी ते रिकामं करावं लागतं. सामान निघालं की खोली मोठी होते, बोललेलं घुमायला लागतं. दुपारी डबा खाऊन मामा त्या उघड्या फरशीवर आडवे व्हायचे आणि डोळा लागायच्या आत ते घर त्यांचं होऊन जायचं. इथं मामीची खाट. इथं खिडकीपाशी आक्काचं शिलाई मशीन, म्हणजे उजेडावरून कटकट नको. इकडे आपण पाय पसरून. रंग वाळला, मालकांचं सामान परत आत आलं, की मामा आपली खाट मनातल्या मनात उचलत आणि पुढच्या घरात नेऊन टाकत. अशा कितीतरी बंगल्यांत मामी झोपून आली होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

खरी खाट मात्र लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत होती. रस्त्यावरून पायऱ्या उतरून आत जायचं. खिडकी होती, पण ती रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे बाहेरचं जग गुडघ्यापर्यंतच दिसे. मामी दिवसभर पडल्या पडल्या चपला-बूट बघून माणसं ओळखायची. भिंतीपलीकडे लॉन्ड्रीची धुलाईची टाकी. यंत्रं सकाळी सुरू झाली की खोलीभर घुर्रघुर्र चालायची, साबणाचा कोमट वास भरून राहायचा. एखाद्या मोठ्या जनावराच्या पोटात बसल्यासारखं वाटे. ऊब होती, पण बाहेर पडायची वाट नव्हती.

त्या टाकीचं पाणी भिंतीत मुरत होतं. भिंतीला आधी कपाएवढा डाग पडला, मग ताटाएवढा, मग त्याला फाटे फुटले. पोपडे धरायचे, गळायचे, खालून काळी बुरशी डोकवायची. मामीला त्या डागात तळं दिसे आणि तळ्याच्या कडेला पाठमोरी बसलेली बाई. ऊन कललं की ती बाई थोडी हलायची. आक्काला मात्र त्यात लॉन्ड्रीवाल्याचं तोंड दिसे. घरमालक तोच होता. आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर मशीन आणि जीभ, दोन्ही घेऊन भावाकडे आली होती.

ओल भिंतीत होती तोवर ठीक, पण ती मामीच्या छातीत उतरली. श्वास घेताना शिट्टी वाजायची. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "औषध मी देतो, पण खरं औषध म्हणजे जागा बदला. आणखी एक हिवाळा या खोलीत काढला, तर मग मला बोलू नका."

कोरडी जागा भाड्यानं घ्यायची ऐपत नव्हती. लॉन्ड्रीवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "टाकी फोडून काय माझ्या डोक्यावर ठेवू?"

मग आक्कानं भावाला दंडाला धरून पालिकेत नेलं. घरवाटपाच्या खिडकीवर एक चष्मेवाला बसायचा, बोलताना वर न बघणारा.

"सध्याची खोली कशी आहे?" त्यानं विचारलं.

"तशी बरी आहे," मामा म्हणाले.

आक्कानं कोपर मारलं. "बरी? अहो साहेब, खोलीत भात लावला तर उगवून येईल."

"मला सांगून उपयोग नाही, बाई. अर्ज द्या. तपासणीबाई घरी येतील. त्यांनी खोली राहण्यालायक नाही असं लिहिलं, की कोरड्या जागेच्या भाड्याला पालिका हातभार लावते आणि पालिकेच्या घरासाठी तुमचा नंबर वर सरकतो. लायक आहे असं लिहिलं, तर बसा."

"किती दिवस बसायचं?"

"बसा म्हणजे बसा."

घरी येताना मामा नवीन वसाहतीकडून वळसा घालून आले. इमारती उभ्या होत्या, खिडक्यांना अजून काचा नव्हत्या. मामांनी मान वर करून एक खिडकी निवडली. आक्का पुढे निघून गेली तरी ते तिथंच उभे, आतली खाट इकडून तिकडे सरकवत.

तपासणीचा दिवस कळला आणि नेमकी तेव्हाच आक्का लेकीच्या बाळंतपणाला गेली. जाताना बजावून गेली, "दार उघड, बाईला भिंत दाखव, आणि तोंड मिटून उभा राहा. एवढं केलंस तरी पुष्कळ."

इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. मामा खाटेच्या कडेवर बसून भिंतीकडे बघत राहिले. कोण कुठली बाई येणार, शिकलेली, चार घरं बघितलेली. ती विचारणार, काय काम करता? आपण सांगणार, रंगारी. आणि मागे ही असली भिंत? न्हाव्याच्या डोक्यात जट! लोक तोंडात शेण घालतील.

"पाहुणी यायचीय," ते मामीला म्हणाले. "जरा हात फिरवू का?"

मामीला गुंगीच्या औषधानं अर्धी झोप होती. ती म्हणाली, "पहाटेचा रंग असतो ना. उजाडायच्या आधीचा. तो दे."

झालं. मामांना तेवढंच हवं होतं. मामांनी पोपडे खरवडले, लॉन्ड्रीतून गरम हवेचा पंखा मागून आणून भिंत शेकली. एका बंगल्याच्या गच्चीचं उरलेलं पाणीरोधक औषध होतं, ते चोपडलं. वर पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली. घासताना उडणारी पांढरी धूळ खिडकीतल्या उन्हात तरंगत होती आणि तिच्यातून रस्त्यावरचे पाय ढगांतून चालल्यासारखे जात होते. मग निळ्यात राखाडी, राखाडीत कणभर गुलाबी घालून त्यांनी पहाट कालवली. एक हात मारला, वाळू दिला, दुसरा मारला. मामी नाकाला पदर लावून बघत होती. तळं गेलं, तळ्याकाठची बाई गेली, भिंतच मागे सरकली आणि तिथं नुसतं लांबच लांब आभाळ राहिलं. आपल्या खोलीला पलीकडची बाजू आहे असं मामीला पहिल्यांदा वाटलं. दुसऱ्या कुणाच्या घरात मामांनी असं काम केलं नव्हतं. केलं असतं तर मजुरी परवडली नसती.

तपासणीबाई आल्या. पायऱ्या उतरताना त्यांनी रुमाल काढून नाकाशी नेला होता, तो आत आल्यावर पर्समध्ये ठेवला.

"अरे वा," त्या म्हणाल्या. "ही खोली होय?"

"हीच," मामा म्हणाले. छाती अशी फुगलेली.

"रंग कुणी दिला?"

"घरचाच हात आहे."

"छानच. माझ्या बहिणीकडे काम काढायचंय. पत्ता देते." त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं, बोट कोरडं. "आणि आजारी कोण आहे?"

मामी उशाला टेकून नीट बसली होती, केस विंचरून. पाहुण्यांसमोर खोकायचं कसं, म्हणून तिनं सकाळपासून गरम पाणी पिऊन खोकला दाबून धरला होता. ती नुसती हसली. डोळ्यांत पाणी आलं ते बाईंना आनंदाचं वाटलं असावं.

बाई चहा घेऊन गेल्या. मामा पायऱ्यांपर्यंत सोडायला गेले. आणि वरच्या पायरीवर, त्या दिसेनाशा झाल्यावर, आपण काय दाखवलं आणि काय दाखवायचं होतं ते त्यांच्या डोक्यात आलं. ते तिथंच बसले.

पालिकेचं उत्तर आलं तोवर आक्काही आली. खोली राहण्यालायक, अर्ज मागे ठेवला आहे. आक्कानं ते ऐकलं, भिंतीकडे बघितलं, भावाकडे बघितलं.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," ती म्हणाली. "अरे, भीक मागायला निघालेला कुणी फेटा बांधून जातो का?"

"पाहुण्याला घाण दाखवायची का मग?"

"ती पाहुणी होती? ती जावई शोधायला आली होती? आणि तू गं," ती मामीकडे वळली, "रोज सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं खोकतेस, आणि त्या दिवशी नेमकं मुकं व्रत!"

आक्का पालिकेच्या खिडकीवर गेली आणि फेरतपासणी मिळेपर्यंत उठली नाही. चष्मेवाल्याला शेवटी वर बघावं लागलं. बाई पुन्हा येतील, पण हेच दिसलं तर प्रकरण कायमचं बंद, असं त्यानं बजावून सांगितलं.

आता काय करायचं? काहीच नाही. ओल आपोआप परत येईल, टाकी जागेवरच आहे, असं मामांचं म्हणणं. ओल यायची वाट बघणारा रंगारी जगात पहिला तोच असेल. कामावरून आले की ते तळहात भिंतीला लावून उभे राहायचे. लांबून आलेल्या माणसानं दार ठोठावावं आणि आपण आतून कानोसा घ्यावा, तसे. भिंत मख्ख. काम इतकं चोख झालं होतं, की साधा बुडबुडा धरेना. यंत्रं घुर्रघुर्र करत होती, पाणी मुरत होतं, आणि इकडे पहाट होती तशीच, ना उजाडत, ना मावळत. आणि मामीची शिट्टी मात्र वाढत चालली.

एके सकाळी चादर बदलताना आक्कानं गादी उचलली. खालचं अंग काळं पडलेलं, पिळलं तर पाणी निघावं असं. पाण्याला वाट लागतेच. भिंतीतून बाहेर पडू देत नाहीत म्हटल्यावर ते खाली उतरलं होतं, फरशीच्या सांध्यांतून वर आलं होतं आणि मामीच्या पाठीखाली मुक्कामाला बसलं होतं.

मामा गादीकडे बघत राहिले. आक्कानं हातातली चादर खाली टाकली.

"भिंत आजच फोडून ठेव," ती म्हणाली.

"नको. मीच आधी बिघडवून ठेवली म्हणतील. बाईंच्या समोरच."

तपासणीबाई आल्या, तशाच नीटनेटक्या. भिंत बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मामा, काहीच तर बदललेलं नाही. मी दुसरं काय लिहू?"

मामांनी रंग खरवडायची पट्टी हातात घेतली. आयुष्यात त्यांनी लोकांच्या चुका खरवडल्या होत्या, चांगलं काम कधी नाही. "बाई, मागच्या खेपेला मी तुम्हाला भिंत दाखवलीच नाही," ते म्हणाले. "माझा रंग दाखवला."

पट्टी लावली, ती सटकली. पुन्हा लावली, पुन्हा सटकली.

"एवढं कशाला घट्ट केलं होतंस रे, मेल्या!" आक्का कळवळून म्हणाली.

मामा अंगाचं वजन टाकून रेटत राहिले. कुठंतरी कोपऱ्यात टोक शिरलं. मग एकदम, दुधावरची साय निघावी तशी, अख्खी पहाट सुटून आली आणि त्यांच्या खांद्यावर पडली. मागे काळी, केसाळ, चकाकणारी भिंत. तिच्यावरून पाण्याचा ओघळ सावकाश खाली आला. खोलीत कुबट वास पसरला. बाईंनी रुमाल काढला.

"खोक गं," आक्का मामीला म्हणाली. "आज लाजू नकोस."

मामीला सांगायची गरज नव्हती. ती खोकायला लागली ती थांबेचना. आक्कानं तिला धरलं आणि दुसऱ्या हातानं गादी उलटून दाखवली.

बाई गादीपाशी खाली बसल्या, हात लावला, तो ओला झाला. "मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" त्यांचा आवाज रागाचा होता. राग कुणाचा आला होता ते त्यांनाही नीट ठरवता येत नसावं.

"तुम्ही चांगलं म्हणालात," मामा म्हणाले. खांद्यावरचा रंगाचा पापुद्रा त्यांनी अजून झटकला नव्हता. "मग पुढचं राहूनच गेलं."

बाईंनी तिथंच उभ्या उभ्या लिहिलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. त्या दिवशी चहा झाला नाही.

भाड्याची मदत आधी मिळाली. हिवाळा तोंडावर असताना तिघंही बेकरीच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत राहायला गेली. खोली लहान, भिंतींवर कुणीतरी ब्रश नुसता बडवलेला, फराटे दिसतात. पण खालून भट्टीची धग येते आणि हाडापर्यंत कोरडं वाटतं. पालिकेच्या घराचा नंबर वर सरकलाय. मामा अधूनमधून वसाहतीकडे जाऊन बघून येतात. खिडक्यांना काचा लागल्यात म्हणतात.

मामी आता खिडकीत बसते. इथून माणसं अख्खी दिसतात, डोक्यासकट. जाणाऱ्या येणाऱ्याला हाक मारते आणि एकदा बोलायला लागली, की मधे दम न खाता कुठल्या कुठं जाते: अमक्याचे बूट मी ओळखत होते, पण तोंड असं असेल असं वाटलं नव्हतं, आणि तमकीची चाल आणि तिची साडी, आणि असंच काहीबाही.

"आता हिला आवरणार कोण?" आक्का मशीनवरून ओरडते. "रंगाऱ्या, तुझ्या त्या गच्चीच्या औषधातलं थोडं उरलंय का?"