आधी पाणी, मग चहा

बेटेगावच्या रस्त्याला आमचं गॅरेज होतं तेव्हा मुंबईची भलीभली माणसं आमच्या दारात उभी राहून माठातलं पाणी प्यायची. एकदा नाही, दोन-दोन, तीन-तीनदा. "मिस्त्रींकडे चहा मिळेपर्यंत पोटाची टाकी भरते," असं ती चेष्टेनं म्हणायची. म्हणू देत. त्या पाण्याचा अर्थ फक्त आम्हा नवरा-बायकोला ठाऊक होता, निदान आम्हाला तसं वाटायचं.

आम्ही दोघं मूळचे जळगावकडचे. आमचे हे बोईसरला एका कंपनीत फिटर होते. माझ्या वडिलांनी नोकरी बघून मुलगी दिली, आणि यांनी दोन वर्षांत नोकरी सोडून पत्र्याची शेड टाकली. बरं, ट्रक-टेम्पो दुरुस्त केले असते तर चार पैसे रोज दिसले असते. ते नाही. यांना हव्या होत्या शर्यतीच्या गाड्या. बुटक्या, दोन दारांच्या, आत बसलेला माणूस रस्त्यावरच पाय पसरून बसलाय असं वाटावं अशा. जागा स्वस्त, लेथवाले कारखान्यांच्या पट्ट्यात हाकेच्या अंतरावर, आणि गाडी पळवून बघायला चिल्हार फाट्यापर्यंतचा रस्ता. आवाजाची तक्रार करणारंही जवळपास कोणी नव्हतं. म्हणजे मी होते, पण मला कोण विचारतो!

सुरुवातीला मला त्या आवाजाचा भयंकर राग यायचा. शेडच्या मागेच आमचं घर. कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही, डाळ करपायची, आणि हे जेवताना विचारायचे, "आज वेगळा वास येतोय का?" पण खोटं कशाला बोलू, इंजिन जुळून आलं की सगळी शेड एका सुरात घुमायची, आणि तेव्हा मीही पोळी लाटायची थांबायचे.

यांचं नाव झालं ते कानामुळे. त्या गाड्यांना दोन-दोन कार्बोरेटर असत. दोन्हींनी सारखीच हवा ओढली पाहिजे, नाहीतर गाडी अडखळते. हे रबरी नळीचं एक टोक कानाला लावत, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि मग दुसऱ्याच्या. डोळे मिटून दोन्हींचा सूंऽऽ आवाज ऐकत आणि स्क्रू केसभर फिरवत. यांनी "झाली" म्हटलं की माणसं डोळे झाकून शर्यतीला जात.

आणि मग एका दुपारी मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अहो, ती पांढरी गाडी शिंकतेय!" हे गाडीजवळच उभे होते. म्हणाले, "कुठे शिंकतेय?" आधी वाटलं, माझी थट्टा करताहेत. पण यांचा चेहरा पाहिला आणि कळलं, यांना खरंच ऐकू आलं नव्हतं.

पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं, इतकी वर्षं उघड्या इंजिनांपाशी काढली, कान कामातून जात चाललेत. परत येताना यांनी स्कूटर मध्येच बाजूला घेतली. म्हणाले, "हे कोणाला कळता कामा नये. माझ्या शब्दावर माणसं जीव धोक्यात घालून गाडी पळवतात. कान गेला म्हटल्यावर कोण येईल?"

मग यांनी मला शिकवलं. नळी कशी धरायची, कुठला आवाज वरचा, कुठला खालचा. मला फार वेळ लागला नाही. बायकांचा एक कान चुलीकडे आणि एक पाळण्याकडे असतोच, आता तिसरीकडे लावायचा एवढंच. गिऱ्हाईक नसताना मी सरळ नळी लावून ऐकायचे. गिऱ्हाईक असलं की आमची खूण ठरलेली. इंजिन चालू असताना मी दारात येऊन उभी राहायची. काही चुकतंय असं वाटलं तर पाणी आणायचं, मग हे पुन्हा बॉनेट उघडत. सगळं जुळलं की चहा. चहा आल्याशिवाय गाडी हलायची नाही.

आमच्याकडे कामाला गावातलाच एक मेकॅनिक होता, यांच्याच वयाचा. त्याला फसवणं शक्यच नव्हतं. एकदा ग्लास विसळता विसळता मला म्हणाला, "वैनी, आमाला समदं कलतं. पन आमी कोनाला काय बोलनार नाय." आणि खरंच कधी बोलला नाही.

अशी काही वर्षं निघाली. चांगली निघाली.

मुंबईचा एक दातांचा डॉक्टर होता. आठवडाभर लोकांच्या दाढा काढायचा आणि सुट्टीला शर्यती पळायचा. त्याची लाल गाडी यांनी इंजिनासकट नव्यानं बांधली होती. दक्षिणेत मोठी शर्यत होती. गाडी न्यायला ट्रक दारात उभा, डॉक्टर उतावीळ, आणि त्याच्याबरोबर आलेले चार-पाच शर्यतवाले यांचं काम बघायला भोवती जमलेले. यांनी इंजिन चालू केलं, नळी लावली, डोळे मिटले. म्हणाले, "झाली."

मी दारात होते. कार्बोरेटर ठीक होते. पण एक्सलेटर सोडला की अगदी खालून, पोटातून, ठक-ठक असं काहीतरी यायचं. मी पाणी आणलं.

डॉक्टर म्हणाला, "वहिनी, आज पाणी नको, उशीर होतोय." यांनी माझ्या हातातला तांब्या पाहिला. सगळे यांच्याकडे बघत होते. यांनी नजर फिरवली आणि मोठ्यानं म्हणाले, "गाडी बरोबर आहे. चहा आण."

इतक्या वर्षांत यांनी चहा कधी मागितला नव्हता. चहा मीच आणायची, माझ्या वेळेला. मी तिथंच उभी राहिले. एकीकडे या माणसाची अब्रू, आणि दुसरीकडे तो दातांचा डॉक्टर, ज्याच्या घरी माझ्यासारखीच कोणीतरी वाट बघत असणार.

"चहा मिळणार नाही," मी म्हटलं. "खालून ठोकतंय. इंजिन उघडा."

हे मान खाली घालून उभे. शेवटी आमचा मेकॅनिक पुढे झाला आणि न विचारताच ट्रकवाल्याला म्हणाला, "आज जा तू. गाडी येनार नाय."

इंजिन उघडलं. आतलं बेअरिंग खरवडून तांबं दिसायला लागलं होतं. भर वेगात ते तुटलं असतं तर काय झालं असतं, हे तिथं कोणालाच सांगायची गरज नव्हती. डॉक्टरनं माझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

हे माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मीही नमले नाही. मी काही चुकले नव्हते. पण त्यानंतर येणारा प्रत्येक जण विचारू लागला, "वहिनींनी ऐकली का?" तेव्हा हे हातातला नट उगाच पुन्हा आवळत. माझ्या काळजाला घरं पडायची. गिऱ्हाईक एकही कमी झालं नाही, पण यांनी ती नळी खुंटीला अडकवली, ती परत काही काढली नाही. पुढे कॉम्प्युटरच्या गाड्या आल्या, जुन्या गाड्या एकेक करत यायच्या बंद झाल्या, आणि शेड आम्ही गोदामाला भाड्यानं दिली. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही.

गेल्या थंडीत तोच डॉक्टर आला. डोकं पांढरं झालेलं, गाडी मात्र तशीच लाल. यांना मुलीनं कानाचं मशीन घेऊन दिलंय, चांगलं महागातलं. आता यांना कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येते. डॉक्टर म्हणाला, "मिस्त्री, जरा ऐकून सांगा."

अंगणात इंजिन चालू झालं. हे वाकले आणि बराच वेळ ऐकत राहिले. मला वाटलं, आता "झाली" म्हणतील, आणि म्हणावंच असं मला मनापासून वाटत होतं. मग यांनी कानातलं मशीन काढलं, सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि डॉक्टरसमोर, शेजाऱ्यांसमोर माझ्याकडे वळून विचारलं, "तू काय म्हणतेस?"

मी जवळ जाऊन कान दिला. गाडीचा डावा कार्बोरेटर जरा जास्त ओढत होता.

मी आत गेले आणि तांब्याभर पाणी घेऊन आले. ते बघून हे हसले, आणि स्क्रू ड्रायव्हर शोधायला गेले.