घंटेचे तेवीस ठोके

एक जानेवारीला सकाळी आठ वाजता मेहरूणच्या वाटेवरच्या एका ओट्यावर विलायती गाणी सुरू होत. ग्रामोफोनच्या मोजून पाच तबकड्या. घर नानांचे. सावद्याची केळीची शेती मुलाच्या हाती देऊन नाना आणि त्यांच्या पत्नी अक्का जळगावला राहायला आले होते. केळीने भरलेल्या रेल्वेच्या वाघिणी दिल्लीकडे रवाना करण्याचे काम मात्र नानांनी स्वतःकडे ठेवले होते. त्यासाठी तारा करायला ते आमच्या कचेरीत येत. मी तिथे तारमास्तर. ओळख झाली ती अशी.

ग्रामोफोन त्यांना मायदेशी परत जाणाऱ्या एका रेल्वेच्या साहेबाने दिला होता. साहेब नव्या वर्षाच्या दिवशी तो वाजवी, म्हणून नानाही त्याच दिवशी वाजवत. इंग्रजी त्यांना येत नव्हते. ओळखण्यासाठी तबकड्यांवर गेरूच्या एक ते पाच रेघा ओढलेल्या होत्या, आणि नावे त्यांनीच ठेवलेली. बारीक आवाजाच्या बाईचे गाणे म्हणजे ‘सासुरवाशीण’. खलाशांचे गाणे म्हणजे ‘मोट ओढणारे’. शेवटची तबकडी बँडची. तिच्यात मधूनमधून एक लहान घंटा वाजे, म्हणून ती ‘देवळातली’.

पहिल्या वर्षी मी विचारले, “नाना, यातला एक शब्द कळत नाही. ऐकायचे कशासाठी?”

“पाडव्याले आपन कडूनिंब खातो, तो तोंडासाठी. हे कानासाठी,” नाना म्हणाले. “आपलं गानं पाठ असते, मास्तर. अर्धं आपली आठवनच गाते. याच्यातलं तुले काहीच पाठ नाही. इथं कानाले काम करा लागते.”

मला ते तुसडे न वाटता मोठ्या अधिकाराचे वाटे, ते ‘मास्तर’ म्हणून लगेच ‘तू’ म्हणणे.

प्रत्येक तबकडीनंतर प्रश्न असे. बाईने दम किती वेळा घेतला? खलाशी किती जण होते? कुणी भलतेच उत्तर दिले की नाना विचारत, “म्हशीवर बसून आयकत होता का?” ओट्यावरचे पाचसहा शेजारी हसत. मला मोजण्याची सवय जन्माची, म्हणून घंटेचे ठोके माझ्याकडे असत. तीन वर्षे ओळीने मी तेवीस सांगितले आणि ते बरोबर निघाले.

चौथ्या वर्षी, म्हणजे लढाई सुरू झाली त्या हिवाळ्यात, मी सतरा सांगितले.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, “तबकडी झिजली आहे. सहा ठोके पुसले गेले.”

आत चुलीपाशी बसलेल्या अक्कांचा आवाज आला, “तेवीस. भाकरी थापता थापता मोजले म्या. मास्तरले बसल्या जागी जमत नाही का?”

हशा झाला. मीही हसलो. नाना हसले नाहीत. त्यांनी सर्वांना चहा दिला, वाटेला लावले आणि मला थांबवून घेतले. नवी सुई घालून तीच तबकडी पुन्हा लावली आणि माझा डावा कान कर्ण्याकडे केला. मला बँड ऐकू येत होता, घंटा एकदाही नाही. मग उजवा कान केला. सतरा.

“तारेचं कसं चाललं?” त्यांनी विचारले.

“लाइन खराब आहे अलीकडे.”

“किती खराब?”

आकडा माझ्याजवळ होता. पूर्वी तारेच्या पलीकडच्या कचेरीला मजकूर पुन्हा पाठवा म्हणून दिवसातून दोनदा सांगावे लागे. आता चौदा वेळा. यंत्राची कडकट्ट ऐकूनच मजकूर उतरवायचा; ती मोठी व्हावी म्हणून मी यंत्रामागे तंबाखूचा रिकामा डबा अडकवला होता. हे सगळे मी नानांना सांगितले. बायकोलाही सांगितले नव्हते. घरात खाणारी सहा माणसे, आणि कान नसलेला तारमास्तर कोण ठेवणार?

नानांनी तबकडी उतरवून ठेवली. मग म्हणाले, “तुह्या हातून वाघिनीचा एक आकडा चुकला तं माही केयी सडतीन. केयीचं जाऊ दे, ती दरसाल येते. पन कोनाच्या मायच्या दुखन्याची तार असली तं?”

“मला आठ दिवस द्या.”

“मी कोन देनार? तारा करनाऱ्याले विचार.”

पाचव्याच दिवशी भुसावळहून एक तार आली. कुणाच्या तरी भावाचे बरेवाईट झाले होते. कोणत्या भावाचे, थोरल्या की धाकट्या, ते मी चार वेळा विचारून घेतले. पलीकडचा मास्तर चिडला. मजकूर बरोबर उतरला. मी उठलो आणि पोस्टमास्तरांच्या टेबलापुढे उभा राहिलो.

“चूक झाली का काही?” त्यांनी विचारले.

“अजून नाही. म्हणूनच आलो.”

सरकारी डॉक्टरांनी तपासले. डावा कान गेलेला, उजवा निम्मा. मला तारेवरून काढून टपालाच्या वर्गवारीला बसवले. पगारात फरक पडला, पण चूल बंद पडली नाही. माझ्या हातून एकही तार चुकीची गेली नाही, निदान माझ्या माहितीत तरी, आणि हे मला म्हणता येते ते नानांमुळे.

पुढच्या जानेवारीला मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी नाना टपालाच्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

“काहून आला नाहीस?”

“आता सतरासुद्धा येणार नाहीत, नाना.”

“जितके येतीन तितके तुहे,” ते म्हणाले. “तेवीसच पाह्यजे असं त्या बँडवाल्यानं सांगलं का?”

त्यानंतर मी दर वर्षी गेलो. बारा सांगितले, पुढे नऊ सांगितले. खरा आकडा सांगताना लाज वाटेनाशी झाली. आपल्या उण्याचा हिशेब चारचौघांत मोकळेपणी देता येणे ही मोठीच सोय आहे, हे मला तिथे कळले.

नाना गेल्या उन्हाळ्यात सावद्याला गेले आणि तिथेच वारले. एव्हाना माझ्याशी सगळेच ओरडून बोलत, घरची मुलेसुद्धा. अक्का दिवस झाल्यावर जळगावला आल्या त्या सरळ आमच्याकडे. माझ्या उजव्या हाताला बसल्या, कानाशी वाकल्या आणि शेवटचे दोन दिवस कसे गेले ते हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगितले. मला सगळे ऐकू आले.