दाजींची निळी खोकी

ऑइलपेंटचा वास आला की मला कळंब्याचे आमचे दाजी आठवतात आणि तोंड कडू होतं. अंड्यावर आलेल्या पाच तलंगांना, म्हणजे तरण्या कोंबड्यांना, अंडी घालायला त्यांनी मोबाइलवर बघून प्लायवूडची खोकी करून घेतली, निळी रंगवली, वर झालरीचे पडदे लावले. त्या वासानं कोंबड्या जवळही फिरकेनात. ताई म्हणाली, "बुट्टीत पाचट घालून वर एक अंडं ठेवा की, ते बघून बसत्यात." दाजी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "कोंबड्यास्नी नक्कल करायची अक्कल असती व्हय?" आठवड्याभरात त्यांनी कोंबड्या वांझ ठरवल्या आणि रविवारी रश्श्यासाठी एक कापायला लावली. तिच्या पोटातून कवच धरलेलं अख्खं अंडं निघालं. ताईनं ते धुतलं आणि घरामागच्या परड्यात एका बुट्टीत पाचट घालून त्यावर नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याशेजारी दोन अंडी होती. दाजींनी तिन्ही उचलून निळ्या खोक्यात मांडली, पडदा सारला आणि फोटो काढला. परवा त्यांच्याकडे गेलो, तर तो फोटो फ्रेम करून बाहेरच्या सोप्यात भिंतीवर लावलेला. आलेल्या माणसाला ते अजून सांगतात, "पावणं, सगळा खोक्याचा गुण हाय," आणि सांगताना त्यांचं बोट नेमकं मधल्या, कापलेल्या कोंबडीच्या अंड्यावर असतं.