आईचा दुपारचा वर्ग

आईचा दुपारचा वर्ग मुलांच्या कंटाळ्यामुळे बंद पडला नाही. तो मी बंद पाडला. हे तिच्यासमोर उच्चारायला मला अख्खा पावसाळा लागला. तोवर नातेवाइकांत मी हळवा मुलगा म्हणून मिरवत होतो. आता आई नाही, आणि मिरवण्यासारखेही फारसे काही उरलेले नाही.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पहिली नेमणूक कळवणकडे झाली, तेव्हा आधी ती मुलांकडून अहिराणी शिकली आणि मग त्यांना पुस्तकातले मराठी शिकवू लागली. नाशिकला आल्यावर तिने आमचे घरही वर्गासारखेच चालवले. तिच्या होकाराशिवाय कुणाचे लग्न ठरत नसे. रविवारी आमच्या घरी होणाऱ्या बुद्धवंदनेला उशिरा येणाऱ्या काकांना ती दारातच थांबवून कारण विचारी. काका सत्तरीचे होते, तरी मुकाट्याने कारण सांगत.

निवृत्तीनंतर ती ओट्यावर कॉलनीतल्या मुलांना पाढे शिकवू लागली. पुढे मीही मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि वामकुक्षी हे माझे एकमेव नियमित कार्य उरले. नेमके तेव्हाच पाढे सुरू होत. आईला काही सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. म्हणून मी पालकांना फाटकाशी गाठून अत्यंत मृदू आवाजात सांगितले, "बाईंना आता झेपत नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे." डॉक्टरांनी असे काहीही सांगितले नव्हते. उलट मला मात्र त्यांनी रोज चालायला सांगितले होते.

मुले येईनाशी झाली. सुरुवातीचे काही दिवस मी गाढ झोपलो, हेही कबूल केले पाहिजे.

आई फळा पुसून वाट पाहत बसे. एकदा तिने माझ्या पत्नीला विचारले, "अगं, माझं शिकवण्यात काही चुकलं का? पोरं तोंडावर बोलत नाहीत, पण येतही नाहीत."

"छे हो आई, चाचण्या चालू असतील," पत्नी म्हणाली. तिला खरे कारण ठाऊक नव्हते.

त्या दुपारपासून आई खोलीचे दार लोटून एकटीच एकोणतीसचा पाढा म्हणू लागली. अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. ती स्वतःचीच परीक्षा घेत होती. मुलांच्या गलक्याने माझी झोपमोड होत असे; त्या एकट्या आवाजाने डोळाच लागेना.

शेवटी मी तिच्या खोलीत गेलो आणि माझ्या नेहमीच्या सभ्य, हलक्या स्वरात क्षमा मागितली. एव्हाना तिला कमी ऐकू येऊ लागले होते.

"चहा हवाय? मग तिला सांग ना," आई म्हणाली.

मी पुन्हा पुटपुटलो. खरे तर मला बरेच वाटले होते. क्षमाही मागून झाली होती आणि शिक्षाही टळली होती. तेवढ्यात दारातून पत्नी म्हणाली, "अहो, त्यांना ऐकूच गेलं नाही. आणि आता मलाही ऐकायचंय."

आईने मला आपादमस्तक न्याहाळले. अपराधी विद्यार्थी तिला पाठमोराही ओळखू येत असे.

"उभा राहा," ती म्हणाली. मी उभाच होतो. आणखी ताठ झालो. "आता शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोल."

शेजारच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. पन्नाशी उलटलेला मी ओरडून म्हणालो, "आई, तुझं काहीच चुकलं नाही! मुलांचं येणं मी बंद केलं, त्यांच्या आईवडिलांना खोटं सांगून! मला दुपारी झोपायचं होतं! माफ कर मला!"